वासानेच मळमळतं, म्हणजे बांगडा बाधतो?

‘एखाद्या पदार्थाच्या नुसत्या वासाने मळमळलं, तर तो प्रकृतीला चालत नाही, शरीरच इशारा देतं’ असा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. तसं असेलच असं नाही.

समजा, सकाळी बांगड्याचं तिखलं-भाकरी खाऊन कुणी खवळलेल्या समुद्रात होडीने निघालं. बोट लागली, उलटी झाली. दोष लाटांचा, पण मेंदू तो चिकटवतो बांगड्याला. पुढे त्या तिखल्यात घातलेल्या तिरफळाचा वास आला तरी पोटात ढवळतं. याला एकच अनुभव पुरतो; खाणं आणि उलटी यांत काही तास गेले तरीही. १९५५ सालच्या एका प्रयोगात उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी पाजत मळमळ आणणारा किरणोत्सर्ग दिला. नंतर ते त्या पाण्याला तोंड लावेनात. पाण्यात खोट नव्हतीच.

पडताळायचं कसं? त्याच टोपातलं जेवलेल्या बाकीच्यांना काही झालं का, ते विचारा. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन हे बाधणारं रसायन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. तो त्रास खरा, पण त्या खेपेच्या माशाचा. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली तर मात्र ॲलर्जीची शंका घ्यावी. तिथे घरी प्रयोग नकोत, डॉक्टरच गाठावा. नुसती शिसारी असेल, तर ताजा मासा थोडा थोडा खात गेल्यावर ती बहुधा ओसरते.