दोन्ही नळ्या कोमट

मे महिन्यातली रात्र, साडेदहा वाजलेले. गोव्यात फोंड्याला आमच्या माडीवर भाचा टेबलाखाली वाकून बसला होता. संगणकाचं कॅबिनेट उघडं. रबराची एक नळी तो चिमटीत धरायचा, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.

"मामा, पंप चालत नाही वाटतं. दोन्ही नळ्या सारख्याच कोमट लागतायत. एक गरम आणि एक गार नको का?"

ग्राफिक्स कार्डाला पाण्याचं कूलिंग बसवून त्याला जेमतेम तास झाला होता. तो ॲनिमेशन शिकतो, तासन्‌तास रेंडर, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्रं काढून घेण्याचं काम, लावून ठेवतो. आधी नुसत्या पंख्यांवर हेच काम लावलं की चिप ८३ अंशांवर जायची आणि पंख्यांचा आवाज खाली ओसरीपर्यंत यायचा. आता पडद्यावर आकडा होता ६१. मी त्याला म्हटलं, पंप उत्तम चालतोय. नळ्या सारख्या लागतात हीच त्याची खूण.

हिशोब असा. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.१८ ज्यूल लागतात. त्याचं कार्ड पूर्ण भार असताना २२० वॅट खातं, म्हणजे सेकंदाला २२० ज्यूल उष्णता सोडतं. पंप मिनिटाला एक लिटर पाणी फिरवतो असं धरलं, तर चिपवरून जाताना ते पाणी तापतं जेमतेम तीन अंशांनी. एवढा फरक रबरातून बोटांना कुठला कळायला? पंप बंद पडला असता तर चिपजवळचं पाणी तापत गेलं असतं आणि पाणी गार करणारा पात्यांचा रेडिएटर मात्र गारच राहिला असता.

आता तीच उष्णता हवेने न्यायची म्हटलं, तर हवा दहा अंशांनी तापू दिली तरी मिनिटाला हजार-अकराशे लिटर हवा लागते. आणि ही हवा पाणी वापरूनही चुकत नाही. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, फक्त चिपपासून उचलून रेडिएटरपर्यंत पोचवतं. तिथे पात्यांमधून हवा जाते तेव्हाच उष्णता बाहेर पडते. म्हणून असा संच घेताना रेडिएटर केवढा आहे आणि त्याला मोकळी हवा कुठून मिळणार, हे आधी बघावं. पंपावरचे रंगीत दिवे नंतर.

खरं तर पाणी आपल्या कार्डात आधीपासून असतंच. साध्या पंख्याच्या कार्डावर ज्या तांब्याच्या जाड नळ्या वळसे घेऊन पात्यांत शिरतात, त्या भरीव नसतात. आत अगदी थोडं पाणी असतं, तेही फार कमी दाबाखाली. चिपजवळ त्याची वाफ होते, पात्यांपाशी वाफेचं पुन्हा पाणी होतं, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते झिरपत परत येतं. पंप नाही, वीज नाही, आवाज नाही. मला ही रचना अतिशय सुंदर वाटते, आणि म्हणूनच १७० वॅटच्या आतल्या कार्डाला पंप-नळ्या लावायच्या भानगडीत कोणी पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याहून मोठं कार्ड असेल तरी पहिला उपाय फुकटचा आहे. चिपची वीज ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज दहा टक्के उतरवलं की ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.८१. जवळजवळ एकोणीस टक्के उष्णता निघतच नाही. आफ्टरबर्नरसारख्या, कार्डाचं व्होल्टेज बदलू देणाऱ्या प्रणालीत हे अर्ध्या तासाचं काम आहे. व्होल्टेज थोडं थोडं उतरवत जायचं, रेंडर अडखळलं की एक पायरी मागे यायचं. सोबत पंख्यांतली धूळ काढावी. एवढ्यावर भागलं तर पैसे वाचले.

नाहीच भागलं, तर कारखान्यातच पाणी भरून सील केलेला, मुळात प्रोसेसर गार ठेवण्यासाठीचा संच घ्यावा आणि तो कार्डावर बसवणारी पट्टी. पंप, नळ्या, रेडिएटर सगळं जोडलेलं येतं, खर्च काही हजारांत राहतो. एएमडीने २०१४ मध्ये आर९ २९५एक्स२ हे कार्ड असाच बंद संच लावून विकलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी एनझेडएक्सटीने क्रॅकेन जी१० नावाची पट्टी आणली, नंतर तिची पुढची आवृत्ती जी१२. या पट्ट्यांत ठराविक गोल तोंडाचेच पंप बसतात. म्हणून पट्टी, पंप आणि कार्डावरच्या भोकांमधलं अंतर हे तिन्ही जुळतं का ते पैसे देण्याआधी बघावं. कार्ड उघडल्यावर वॉरंटी राहते का, हेही विचारून घ्यावं.

प्रोसेसरचा संच कार्डावर जास्तच चांगला काम करतो, आणि त्यालाही कारण आहे. प्रोसेसरच्या चिपवर धातूचं झाकण असतं, कार्डाची चिप उघडी असते. शिवाय ती मोठी. आरटीएक्स ३०७० हे २२० वॅटचं कार्ड घ्या, त्याची चिप सुमारे ३९२ चौरस मिलिमीटर आहे. एवढ्या पसरलेल्या जागेतून उष्णता सहज तांब्यात उतरते. दोनशे ते तीनशे वॅटसाठी मी दोन पंख्यांचा, २४० मिलिमीटरचा रेडिएटर घेईन. एका पंख्याचाही चालतो, पण पंखा जोरात फिरवावा लागतो, आणि आवाजासाठीच तर हा सगळा खटाटोप.

स्वतः नळ्या कापून, टाकी लावून, पाणी भरून केलेली मांडणी देखणी दिसते. पण ती हौसेची गोष्ट आहे. तिला वेळोवेळी पाणी बदलणं लागतं, आणि ते पाणी ओपाच्या पाणीप्रकल्पातून येणाऱ्या नळाचं चालत नाही, जांभ्यातल्या विहिरीचं तर नाहीच. त्यातले क्षार बारीक खाचांत बसतात. न्हाणीतल्या तांब्याच्या भाणाला आतून जे किटण धरतं, तेच. बंद संचही कधी उघडून पाणी घालू नये. त्यात बहुधा रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि चिपला टेकणारा पत्रा तांब्याचा असतो. हे दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजतं, आणि ते थोपवणारी रसायनं आतल्या पाण्यात मोजून घातलेली असतात. रबरातून वर्षानुवर्षं थोडं पाणी उडून जातं, त्यामुळे पाच-सहा वर्षं वापरलेला संच स्वस्त मिळाला तरी मी घेणार नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा पडदा रंगीत चौकोनांनी भरला. चिप ५९ अंशांवर, आणि तरी रेंडर बंद! चिपभोवतीच्या मेमरीच्या काळ्या वड्यांना त्याने काहीच लावलं नव्हतं. मूळचा पंख्याचा सांगाडा त्यांनाही टेकून असतो, तो काढला की त्या उघड्या पडतात, आणि गोल पंप पोचतो फक्त मधल्या चिपपर्यंत. शेजारचे वीजपुरवठ्याचे भागही तसेच तापतात. आम्ही उष्णता हवेत सोडणारे ॲल्युमिनियमचे छोटे हीटसिंक चिकटवले, पट्टीवरचा ९२ मिलिमीटरचा पंखा जोडला, आणि चौकोन गेले.

बसवताना एकच सांभाळायचं. पंप हा सगळ्यांत उंच भाग होता कामा नये, नाहीतर आतली हवा तिथेच साठते आणि गुळगुळ आवाज येतो. रेडिएटर वर असला की हवा त्याच्या टोकाला जाऊन बसते.

आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीसुद्धा घाम गाळतात, तेव्हा नळ्यांवर दव धरून कार्ड जळेल का, असं ताईने विचारलं. नाही धरणार. फ्रिजमधली बाटली खोलीपेक्षा गार असते म्हणून तिच्यावर थेंब येतात. रेडिएटरमधलं पाणी खोलीच्या हवेहून कधीच गार होत नाही, काम चालू असताना तर दहा-बारा अंश गरमच राहतं. बर्फ घालायचे प्रयोग मात्र इथे करू नयेत.

ते २२० वॅट अर्थात आमच्या माडीवरच राहिले. पंखे शांत झाले, खोली पूर्वीइतकीच तापते. भाच्याने टेबल ओढून खिडकीशी नेलं, रेडिएटरची बाजू बाहेरच्या वाऱ्याकडे केली, आणि मोठी रेंडरं तो आता जेवणं झाल्यावर लावतो.