बल्ब बसला म्हणजे जमलं असं नाही

इलेक्ट्रिकच्या दुकानात बॅटरीचा बल्ब मागितला की समोरून हमखास प्रश्न येतो, "किती सेलची?" प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. दोन मोठ्या सेलची लांबट पितळी बॅटरी दोन सेलचीच असते, आणि खिशात मावणारी पेन्सिल सेलची बॅटरीही दोन सेलचीच. दोन्हींत गळ्याला पत्र्याची कॉलर असलेला एकाच मापाचा बल्ब बसू शकतो. पण मोठ्या सेलसाठीचा नेहमीचा 'पीआर २' हा २.३८ व्होल्ट आणि ०.५ अँपिअरचा असतो, तर पेन्सिल सेलसाठीचा 'पीआर ४' २.३३ व्होल्ट आणि ०.२७ अँपिअरचा. व्होल्ट जवळपास सारखेच, पण प्रवाहाची भूक दुप्पट.

दीड-दीड व्होल्टचे दोन सेल म्हणजे तीन व्होल्ट, मग बल्ब २.३८चा कशाला? कारण सेलच्या पोटातही थोडा विरोध असतो. समजा तो प्रत्येकी अर्धा ओहम आहे. अर्धा अँपिअर वाहू लागला की दर सेलमागे पाव व्होल्ट आतल्या आतच खर्ची पडतो आणि बल्बच्या वाट्याला अडीच व्होल्ट उरतात. सेल वापरला जाईल तसा हा विरोध वाढत जातो, आणि साध्या पेन्सिल सेलमध्ये तो मुळातच मोठ्या सेलपेक्षा जास्त असतो. म्हणूनच हौसेने छोट्या बॅटरीत 'पीआर २' घातला की नव्या सेलवर पहिली काही मिनिटं झकास उजेड पडतो आणि मग तो पिवळा पडत जातो.

तारेच्या बल्बचा उजेड साधारणपणे व्होल्टच्या साडेतीनाव्या घातानुसार बदलतो. २.३८ऐवजी २ व्होल्ट मिळाले तर उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. उलट व्होल्ट दहा टक्क्यांनी वाढवले तर उजेड चाळीसेक टक्क्यांनी वाढतो, पण बल्बचं आयुष्य तिसऱ्या हिश्श्यावर येतं. छोट्या बॅटरीत मोठा बल्ब घालायचाच असेल, तर रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरावेत. ते १.२ व्होल्टचेच, पण अर्धा अँपिअर देताना ढेपाळत नाहीत. २००० मिलीअँपिअर-तासांचे असतील तर हिशेबाने चार तास चालतात. मात्र '१४५००' नावाचा लिथियम सेल त्यात घालू नये. दिसायला तो हुबेहूब पेन्सिल सेल, पण पूर्ण चार्ज झाल्यावर एकटाच ४.२ व्होल्ट देतो. पीआर बल्बची तार बटण दाबताच जाते.

व्होल्टचं जमलं तरी उजेड भिंतीवर नीट पडेलच असं नाही, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बभोवतीची चकचकीत वाटी, पॅराबोलाच्या आकाराचा असतो. बल्बची तार बरोबर त्याच्या नाभीवर, म्हणजे फोकसवर, असेल तरच किरण समांतर होऊन लांब जातात. ही नाभी घरी पट्टीने काढता येते. रिफ्लेक्टरच्या तोंडाच्या व्यासाचा वर्ग घ्या, त्यातून तळाच्या भोकाच्या व्यासाचा वर्ग वजा करा आणि उरलेल्याला खोलीच्या सोळा पटीने भागा. तोंड ४० मिलिमीटर, भोक १० आणि खोली २० असेल, तर उत्तर येतं साधारण ४.७ मिलिमीटर. हे अंतर पॅराबोलाच्या टोकापासूनचं. ते टोक भोक पाडताना कापलं गेलेलं असतं, म्हणून १.३ मिलिमीटर वजा करायचे. थोडक्यात, तार भोकाच्या कडेपासून सुमारे ३.४ मिलिमीटर वर हवी. इतक्या छोट्या मापात एक मिलिमीटरचा फरकही भारी पडतो. भिंतीवर मधोमध काळा डाग आणि भोवती कडं दिसलं, की समजावं तार जागेवर नाही.

तार पुढे गेली असेल तर कॉलर आणि रिफ्लेक्टर यांच्यामध्ये पातळ वॉशर घालून बल्ब मागे सरकवता येतो. वॉशर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा घ्यावा, पुठ्ठ्याचा नको, कारण पुष्कळ बॅटऱ्यांमध्ये वीज कॉलरमधून रिफ्लेक्टरमार्गेच अंगाकडे जाते आणि पुठ्ठ्याने सर्किट तुटतं. तार मागे राहिली असेल तर भोकाची मागची कडा कानशीने घासावी लागते, आणि ते काम जिकिरीचं आहे. घासताना आतल्या चकाकीला बोट लागू देऊ नये. तो ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो आणि पुसायला गेलं की ओरखडे राहतात. १९८४ साली अमेरिकेत आलेल्या 'मिनी मॅगलाइट'मध्ये पुढचं डोकं फिरवलं की रिफ्लेक्टर बल्बच्या मागे-पुढे होतो. अशी बॅटरी मिळाली तर वॉशरची भानगडच नको.

आता बहुतेक लोक कॉलरवाला एलईडी मागतात. तो सरळ खाचेत बसतो, पण त्याचे प्रश्न निराळे. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. त्यामुळे दोन सेलच्या बॅटरीत व्होल्ट चढवणारं सर्किट पोटात असलेलाच घ्यावा. त्याला उलट-सुलट कळतं. पेटला नाही तर फेकण्याआधी सेल उलटे घालून बघावेत. ज्याच्या टोकाला काचेच्या मण्यासारखा गोल एलईडी असतो, त्याचं भिंग उजेड आधीच पुढे फेकतं, म्हणून रिफ्लेक्टर नुसता शोभेला राहतो. एक वॅटचा किंवा त्याहून मोठा चपटा एलईडी असेल तर उष्णतेचा प्रश्न येतो. तारेचा बल्ब आपली बरीचशी उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात काचेतून बाहेर टाकतो. एलईडीची उष्णता मात्र पाठीमागून धातूवाटेच निघते. ॲल्युमिनियमच्या अंगाची बॅटरी काही मिनिटांत हाताला कोमट लागली, तर उष्णता बाहेर पडते आहे. प्लास्टिकची थंडगार राहिली, तर ती आत एलईडीजवळच साठते आहे. अशा बॅटरीत अर्ध्या वॅटच्या पुढे जाऊ नये.