व्हील नट आणि लॉक नट

मोटारीचे चाक हबवर, म्हणजे ते ज्यावर बसते त्या मधल्या फिरत्या भागावर, आवळून धरतो तो व्हील नट. ठरावीक चावीशिवाय उघडत नाही तो लॉक नट. लोखंडी डिस्क काढून अलॉय (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाके) बसवताना जुने नट चालतील की नवे घ्यावेत, हे आटे, बैठक (नट चाकाला जिथे टेकतो तो भाग) आणि लांबी यांवर ठरते.

आटे गाडीप्रमाणे असतात. मारुती सुझुकीच्या बहुतेक मोटारींना १२ मिमी व्यासाचा, १.२५ पिचचा (म्हणजे दोन आट्यांमध्ये १.२५ मिमी अंतर असलेला) नट लागतो. ह्युंदाई, होंडा, टोयोटाच्या बहुतेकांना १२ मिमीचाच, पण १.५ पिचचा. दिसायला दोन्ही सारखे. चुकीचा नट एक-दोन आटे हाताने चढतो आणि अडतो. तिथे हवेची गन लावली की आटे कापले जातात, मग स्टडच, म्हणजे हबमधून बाहेर आलेला नट चढवायचा आट्यांचा दांडा, बदलावा लागतो. म्हणून प्रत्येक नट आधी बोटांनी चढवावा. फोक्सवॅगन-स्कोडाला बहुधा नट नसतात, १४ मिमीचे बोल्ट असतात.

बैठक मात्र चाकाप्रमाणे असते, आणि गफलत होते ती इथेच. बाजारातल्या बहुतेक अलॉयची बैठक ६० अंशांची, शंकूसारखी उतरती असते. होंडाच्या मूळ चाकांची गोलसर, टोयोटाच्या काही मूळ अलॉयची वॉशरसह सपाट. उतरत्या बैठकीत गोलसर बैठकीचा नट जेमतेम एका रेघेवर टेकतो. पान्याला तो घट्ट लागतो, पण पुढे ॲल्युमिनियम दबते आणि नट ढिला पडतो. एकदा आवळून नट परत काढावा: घासल्याची चमक पूर्ण पट्ट्यावर दिसली तर बैठक जुळली.

१२ मिमीच्या स्टडवर नटाची पकड निदान १२ मिमी हवी, म्हणजे १.२५ पिचला साधारण दहा फेरे, १.५ ला आठ. बंद टोपीच्या नटात स्टड आतून टोपीला आधी टेकत नाही ना, हेही पाहावे. टेकला तर नट आवळलेला भासतो आणि चाक मोकळेच राहते.

लॉक नट दर चाकाला एक, एकूण चार. त्यांचीही बैठक बाकीच्या नटांसारखीच हवी. त्यांना गन लावू नये, चावीची नक्षी मोडते. चावीचा कोड लिहून ठेवावा आणि चावी जॅकसोबत ठेवावी; ती जळगावला घरी आणि पंक्चर कन्नड घाटात, अशी वेळ येऊ नये. चाकाचे काम झाल्यावर ती परत घेतली का, हे दुकानातून निघण्याआधीच बघावे.

खान्देशातल्या काळ्या मातीचा चिखल हब आणि चाकामध्ये वाळून बसतो. त्यावरच चाक आवळले तर माती झडल्यावर नट सैल होतात. म्हणून तारेच्या ब्रशने दोन्ही बाजू घासून घ्याव्यात. आट्यांना ग्रीस लावू नये. नट समोरासमोरचे धरून, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळावेत. छोट्या मोटारींना साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर लागतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतला घ्यावा. ८०-१०० किमी चालल्यावर, चाके थंड असताना, पुन्हा तपासावेत.

स्टेपनी बहुधा लोखंडीच राहते. तिच्यासाठी एका चाकाचे जुने नट, चार किंवा पाच, पिशवीत घालून डिकीत ठेवावेत.