कॉफीचं बी सादळतं तेव्हा

जुलैत मुंबईत पापडाचा डबा नीट बंद केला नाही तर दोन दिवसांत काय होतं ते सांगायला नको. अंधेरीत माझ्या एका मित्राचा गाळा आहे, तिथे तो छोट्या मशीनवर कॉफी रोस्ट करतो, आणि दोन वर्षांपूर्वी ऐन पावसात त्याच्याकडे कच्च्या कॉफीची एक गोणी भिंतीला टेकून महिनाभर तशीच राहिली. उघडली तेव्हा मी तिथेच होतो. चांगल्या कच्च्या दाण्याला सोललेल्या मटारसारखा, थोडा गवतासारखा वास असतो, हिला तागाचा आणि कुबट वास मारत होता, आणि दाण्यांचा निळसर हिरवा रंग उडून पांढुरकी झाक आली होती. मित्र काहीच बोलला नाही, मूठभर दाणे तळहातावर घेऊन नुसता बघत बसला.

मला वाईट वाटलं ते त्या दाण्यांच्या मागे काय काय झालेलं असतं ते माहीत होतं म्हणून.

कॉफी म्हणजे मुळात बी. लालचुटुक फळ, आत एकमेकांना चिकटून दोन बिया. भारतातली साधारण 70 टक्के कॉफी कर्नाटकात होते, चिकमगळूर, कोडगू, हासन या भागात, आणि बहुतेक शेतकरी छोटे, 10 हेक्टरच्या आतले. नोव्हेंबरपासून तोडणी सुरू होते. पाच-सहा किलो फळ तोडावं तेव्हा कुठे किलोभर कच्ची कॉफी हातात येते, बाकी गर, साल आणि पाणी. इथून पुढचा सगळा प्रवास म्हणजे पाण्याचा हिशोब आहे असं मला वाटतं. काही जण फळ सोलून, बी आंबवून, धुऊन वाळवतात, काही अख्खं फळच वाळवतात, त्याला तिकडे चेरी म्हणतात. आपल्याकडे गच्चीवर वाळवण घालतात ना तसंच, अंगणभर पातळ पसरायचं, दिवसातून कितीतरी वेळा परतायचं, रात्री दव पडायच्या आत गोळा करून झाकायचं. बियांतलं पाणी 10-11 टक्क्यांवर आणायचं असतं. साडेबारा टक्क्यांच्या वर राहिलं तर बुरशी धरते, आणि काही बुरशी ऑक्रॅटॉक्सिन नावाचं विष तयार करतात जे भाजूनही पूर्ण जात नाही. फार वाळलं तर दाणा ठिसूळ होतो, मशीनमध्ये फुटतो.

मग व्यापारी येतो. तो ओलावा बघतो आणि आउटटर्न बघतो, म्हणजे 50 किलो वाळलेल्या चेरीतून खरी कॉफी किती किलो निघते ते. भाव मात्र लंडन आणि न्यूयॉर्कच्या बाजाराकडे बघून ठरतो. आधी असं नव्हतं, 1940च्या दशकापासून सगळ्यांचा माल सरकारी कॉफी बोर्डाच्या एकाच साठ्यात जायचा, कोणाचा दाणा कुठला ते कळायचंच नाही, 1990च्या दशकात ते सुटलं आणि म्हणूनच आज अंधेरीतला माणूस थेट एखाद्या मळ्यातून दोन गोण्या मागवू शकतो. हा बदल मला फार मोठा वाटतो.

मधला टप्पा क्युरिंग वर्क्सचा, म्हणजे दाणे सोलून निवडायच्या कारखान्याचा. धुतलेल्या बीवर एक कडक, कागदासारखं टरफल असतं, पार्चमेंट, ते तिथे काढतात, चाळण्यांवर आकाराप्रमाणे दाणे वेगळे करतात, मशीन हलके दाणे बाजूला काढतं, आणि शेवटी काळे-किडके दाणे वेचतात, हे काम बऱ्याच ठिकाणी अजून बायका हातानं करतात. त्याला गार्बलिंग म्हणतात, मुळात चाळणीसाठीचा अरबी शब्द. पण पार्चमेंट निघालं की बी उघडं पडतं. ते जिवंत असतं, हळूहळू श्वास घेत असतं, टरफलात असेपर्यंत जास्त टिकतं, नंतर लवकर मरतं आणि चव लाकडासारखी सपाट होत जाते.

अशी उघडी बी तागाच्या गोणीत ट्रकनं मुंबईत येते. तागातून हवा आरपार जाते, आणि आपल्या जुलैच्या हवेत बी पाणी ओढतच राहते. भाजताना मग मशीनची बरीच उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते, नेहमीचा अंदाज चुकतो.

गंमत म्हणजे हाच पाऊस मंगळुरात मुद्दाम वापरतात. पूर्वी शिडाच्या जहाजातून कॉफी महिनोन्‌महिने समुद्रावरून युरोपला जायची, दमट हवेत फुगून पिवळी पडायची आणि तिकडच्या लोकांना तीच चव आवडायला लागली. आता मॉन्सून्ड मलबार नावाच्या कॉफीसाठी जूनपासून उघड्या बाजूंच्या गोदामात दाणे पसरून, सारखे परतून, पुन्हा गोण्या भरून ते हळूहळू फुगवतात. फरक एवढाच की तिथे कोणीतरी रोज दाण्याला हात लावतं, भिंतीला टेकून विसरत नाही.

मित्र आता पावसाळ्याचा माल मे महिन्यातच आणतो, आत जाड प्लास्टिकची पिशवी असलेल्या गोणीत, आणि गोण्या लाकडी पाटांवर, भिंतीपासून हातभर लांब. बाकीचा माल मळेवाल्याला पार्चमेंटमध्येच ठेवायला सांगतो, लागेल तसा सोलून घेतो. मागच्या जुलैत गेलो तर ओलावा मोजायच्या मीटरवर 11.2 टक्के दाखवत होतं. गोणीत तोंड घालून वास घेतला, मटार.