रिप्रो दाणा क्लिअर होतो का? होतो, पण कितपत ते वाचा

"दाणा पाण्यासारखा क्लिअर पाहिजे आणि रेट रिप्रोचाच पाहिजे" असा फोन आम्हाला दर आठवड्याला येतो. (रिप्रो म्हणजे वापरलेलं प्लास्टिक धुऊन, वितळवून परत बनवलेला दाणा.) मागणी चूक नाही, डब्यातली वस्तू बाहेरनं दिसली तरच गिऱ्हाईक उचलतं हे आम्हालाही कळतं. पण शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या युनिटात काय होऊ शकतं आणि काय कुणाच्या बापाला जमणार नाही हे एकदा नीट लिहून द्यावं म्हणून हा कागद, चहा पीत पीत वाचा.

पहिली गोष्ट, पीपी (पॉलिप्रॉपिलीन), एलडी आणि एचडी (मऊ पिशवीचं आणि कडक कॅनचं पॉलिइथिलीन), पेट (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) यातल्या कशालाच मुळात रंग नसतो. डोळ्याला दिसणारा उजेड साधारण 400 ते 700 नॅनोमीटरचा, तो ही प्लास्टिकं खातच नाहीत, पुढं सोडतात. मग एचडीचा कॅन दुधी का दिसतो? खडीसाखर आणि पिठीसाखर शेजारी ठेवून बघा, साखर तीच पण खड्यातनं पलीकडचं दिसतं आणि पीठ पांढरंफेक, कारण पिठात उजेड हजार ठिकाणी वळतो. एचडीत तसंच होतं, वितळलेला माल गार होताना प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या काही ठिकाणी घडी घालून नीट बसतात (हेच स्फटिक), काही ठिकाणी विस्कटलेल्याच राहतात, दोन्हीकडं उजेड वेगळा वाकतो आणि विखुरतो, म्हणून दुधी. पेट पटकन गार केलं तर साखळ्यांना घडी घालायला वेळच मिळत नाही आणि ते काचेसारखं राहतं, तेच हळू गार झालं की पांढरं पडतं. प्रीफॉर्मवाल्यांनी (बाटली फुगवायच्या आधीची नळी बनवणाऱ्यांनी) हे मोल्ड गार करणारं पाणी बिघडल्यावर बघितलं असेलच.

म्हणजे क्लिअरपणा बिघडायला दोन वेगळी कारणं असतात, उजेड विखुरणं आणि उजेड खाल्ला जाणं. दोन्हींवर औषध वेगळं, आणि लोक इथंच गल्लत करतात.

विखुरण्यावर पीपीमधे क्लॅरिफायर चालतो, सॉर्बिटॉलपासनं बनवलेली पावडर असते, तिच्यामुळं स्फटिक एकदम बारीक होतात आणि उजेड जवळपास सरळ जातो. पण हे माल स्वच्छ एकजात पीपी असेल तरच. त्यात एलडी-एचडी मिसळलं असेल तर उपयोग नाही, पीपी आणि एलडी-एचडी दिसायला भाऊ वाटली तरी एकमेकांत विरघळत नाहीत, बारीक थेंब होऊन राहतात आणि प्रत्येक थेंब उजेड वळवतो. आणि पाण्याच्या टाकीत दोन्ही तरंगतात त्यामुळं टाकी इथं काही मदत करत नाही, हातानंच निवडावं लागतं. आमच्याकडं निवडायला बसणाऱ्या बायका नुसत्या आवाजावरनं आणि चुरगळून बघून एलडी का पीपी ते सांगतात, क्लिअर दाण्याचं खरं काम तिथंच होतं, मशीनवर नाही.

आता रंग. पांढऱ्या मालात टायटॅनियम डायऑक्साइड असतं, उजेड किती वाकतो त्याचा आकडा (अपवर्तनांक) प्लास्टिकचा 1.5 च्या आसपास आणि ह्याचा 2.7, शिवाय कण पाव मायक्रॉनचा, म्हणून चिमूटभर मास्टरबॅचनं (रंगाचा घट्ट दाणा) सगळा डबा झाकतो. काळ्यात कार्बन, तो उजेड खाऊनच टाकतो. "जाळी बारीक लावा की, रंग अडकंल" असं बरेचजण सांगतात. आमची 200 मेशची जाळी, तिचं भोक 74 मायक्रॉनचं, म्हणजे रंगाच्या कणापेक्षा जवळजवळ 300 पट मोठं, त्यातनं माती, कागद, जळका माल अडतो पण रंग अडत नाही. मालात गेलेला रंग वितळवून काढायची सोय कुठल्याच एक्सट्रूडरमधे (माल वितळवून पुढं ढकलणारं मशीन) नाही. पेट रसायनानं पार मूळ घटकापर्यंत तोडून रंग काढता येतो, पण तो मोठ्या केमिकल प्लांटचा धंदा आहे. म्हणून छापील दुधाच्या पिशव्यांचा दाणा आम्ही क्लिअर म्हणून विकणार नाही, कितीही धुतला तरी शाई राहते आणि दाणा हिरवट-करडाच येतो.

पिवळेपणा मात्र आपल्या हातात आहे. गुऱ्हाळावर गुळव्याचं लक्ष चुकलं आणि रस चुलवाणावर जास्त वेळ राहिला की गूळ काळपट होतो, नंतर काही करा तो परत पिवळाधमक होत नाही, तसंच हे. जास्त टेंपरेचर किंवा मशीनच्या बॅरलमधे (तापत्या नळीत) अडकलेला माल, यानं साखळीत दुहेरी बंध ओळीनं तयार होतात, आणि असे बंध निळा उजेड खातात म्हणून उरलेला पिवळा दिसतो. गाजराचा रंगही असल्याच ओळीनं येतो. पेटमधे पीव्हीसीचं एखादं लेबल आलं तर संपलंच, पेटला 260 अंशांच्या वर तापवावं लागतं आणि पीव्हीसी त्याच्या आधीच जळतं, ॲसिड सोडतं, काळे ठिपके येतात. दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळं शंका आली की आम्ही तापलेली तांब्याची तार टेकवून परत जाळावर धरतो, ज्योत हिरवी झाली की लॉट बाजूला. (हे उघड्यावरच करा, धूर वाईट असतो.) आणि पेट नीट वाळवलं नाही तर पाण्यानं साखळ्या तुटतात आणि माल ठिसूळ होतो.

थोडी नीळ टाकून पिवळा झाकता येतो, धोतराला देतात तशी. आम्ही विचारून टाकतो, कारण नीळ पिवळा काढत नाही, उरलेला उजेडही कमी करते, त्यामुळं पातळ मालाला बरं दिसतं पण जाड मालाला करडी झाक येते.

ऑर्डर देताना नुसतं "क्लिअर" सांगू नका, मालाची जाडी सांगा. अर्ध्या मिलीमीटर जाडीच्या डब्याला चालणारा दाणा 3 मिलीमीटरला धुकट दिसणारच. खायच्या वस्तूंच्या डब्यांसाठी हा दाणा आम्ही देत नाही, तेवढं विचारू नका. तुमची स्वतःची रनर-गेटची (मोल्डमधनं वस्तूसोबत निघणाऱ्या काड्यांची) भंगार असेल तर रंगाप्रमाणं वेगळ्या पोत्यात भरून पाठवा, एक लाल झाकण पोतंभर माल गुलाबी करतं. पहिल्या लॉटआधी आम्ही 2 मिलीमीटर जाडीची चिप मारून देतो, ती पेपरवर ठेवून बारीक अक्षर वाचून बघा, मग पेपरपासनं चार बोटं वर धरून परत वाचा. दुसऱ्यांदा वाचता आलं तर दाणा तुमच्या कामाचा, नाहीतर पोती आमच्याकडंच राहू देत.