शाळेचा प्रकल्प घरी आला कसा?

उद्या सकाळी प्रकल्प द्यायचा आहे हे रात्री साडेनऊला कळलेल्या प्रत्येक पालकाला वाटतं, की ही पद्धत आपल्याला छळायलाच कुणीतरी काढली असणार. पण घरी करायच्या प्रकल्पाचा उगम शेतातला आहे, आणि त्यात पालकांना भलताच मान होता.

१९०८ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नॉर्दम्प्टनला एक शेतकी शाळा सुरू झाली. रूफस स्टिमसन तिचे पहिले संचालक. शाळेत येणारी मुलं बहुतेक शेतकऱ्यांची. जमीन, गोठा, अवजारं सगळं घरीच. मग शाळेच्या शेतावर त्यांना राबवायचं कशाला? स्टिमसन यांनी ठरवलं, की शास्त्र वर्गात शिकायचं आणि पीक घरच्या रानात घ्यायचं. याला त्यांनी ‘होम प्रोजेक्ट’ म्हटलं. पालकांनी जमिनीचा तुकडा किंवा जनावरं द्यायची आणि मुलाला वेळ द्यायचा. मशागत, देखभाल आणि जमाखर्चाची वही मुलाकडे. शिक्षक मधूनमधून शेतावर येऊन काम बघून जात. बापाने परस्पर पेरणी उरकून घेतली असती, तर बांधावरच्या दोन प्रश्नांत पितळ उघडं पडलं असतं. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने तर शेतीशिक्षणासाठी केंद्राचा पैसा घेणाऱ्या शाळांना अट घातली, की विद्यार्थ्याने वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीकाम करायला हवं.

म्हणजे काम घरी होतं म्हणून प्रकल्प घरी गेला. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

‘प्रकल्प’ ही कल्पना त्याहून बरीच जुनी. सोळाव्या शतकाच्या शेवटी रोमच्या कला अकादमीत आणि पुढे पॅरिसमध्ये वास्तुकलेचे विद्यार्थी स्पर्धेसाठी इमारतींचे आराखडे काढत, तिथपर्यंत तिचा माग लागतो. शाळकरी मुलांपर्यंत ती आणली अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या कॅल्विन वुडवर्ड यांनी. त्यांनी १८७९ मध्ये हस्तव्यवसायाची शाळा काढली. तिथे आधी करवत, रंधा, कानस हातात बसवायची आणि शिक्षणाच्या शेवटी स्वतःची एक वस्तू बनवायची, असा क्रम होता. आज तिसरीतल्या मुलाला कात्री धड धरता येत नाही तोच ‘चलत् प्रतिकृती’ मागतात, म्हणून हा क्रम मुद्दाम सांगितला.

या सगळ्याला तत्त्वज्ञान दिलं अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी. १९१८ मध्ये त्यांचा ‘द प्रोजेक्ट मेथड’ हा लेख आला आणि शिक्षणाच्या जगात एकच चर्चा सुरू झाली. त्यांचं उदाहरण एका मुलीच्या पोशाखाचं आहे. तिने तो मनापासून करायचा ठरवला, बेत तिनेच आखला आणि शिवला तिनेच, तर तो प्रकल्प. हेतू, आखणी, कृती आणि मग आपल्या कामाची आपणच केलेली पारख, अशा चार पायऱ्या त्यांनी सांगितल्या. पुढे एका पुस्तकात त्यांनी पालकांचा नेहमीचा मुद्दाही घेतला: मक्याच्या लागवडीची उत्तम पद्धत शास्त्राने शोधलेली असताना पोराला चाचपडू कशाला द्यायचं? त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा, की तुम्हाला मका हवा असेल तर पद्धत देऊन टाका. मुलगा घडवायचा असेल तर बेत त्यालाच करू द्या. आपण पालक रात्री गोंदाची बाटली हातात घेतो ती बहुतेक वेळा मक्यासाठी.

किलपॅट्रिक यांचे गुरू, तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांना खुद्द त्यांचं सगळं पटलं नव्हतं. प्रकल्पाच्या नावाखाली शाळांत पुष्कळ थिल्लर, तुटक उद्योग चालतात, अशी ड्युई यांची तक्रार होती. सोव्हिएत रशियाने तर ही पद्धत आधी उचलून धरली आणि १९३१ मध्ये पक्षाच्या ठरावाने निकालात काढली.

वळण बदललं ते प्रदर्शनांमुळे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन इन्स्टिट्यूटने १९२८ मध्ये मुलांच्या विज्ञानकामाचं प्रदर्शन भरवलं, आणि १९५० मध्ये फिलाडेल्फियाला पहिली राष्ट्रीय विज्ञान जत्रा झाली. हेतू चांगलाच होता. पण प्रदर्शन म्हटलं की परीक्षक आले, टेबल आलं, मागे उभा तक्ता आला. शेतावर शिक्षक चालू काम बघायचे. इथे दिसते ती तयार वस्तू. तयार वस्तूवरून ती कुणी केली हे ठरवणं अवघड. तरी खुणा असतात म्हणा: ज्वालामुखीचा लाव्हा काठाबाहेर कुठेच आलेला नाही, ‘प्रस्तावना’ हा शब्द एका सरळ रेषेत आहे आणि थर्माकोलची कड सुरीने नाही, गरम तारेने कापलेली आहे. शिक्षकांना हे कळत नसेल असं मला वाटत नाही.

आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्ये हस्तोद्योगाला मध्यवर्ती जागा होती, पण सूतकताई शाळेतच, सगळ्यांसमोर. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली. प्रकल्पांचा पूर आला तो शिक्षणहक्क कायदा, २००९ आणि त्यातल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनानंतर. एका लेखी परीक्षेवरचा भार कमी करायचा, तर गुण दुसरीकडून द्यायला हवेत. मग प्रत्येक विषयाला प्रकल्प. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) त्या काळात बजावलं होतं, की प्रकल्प गटाने आणि शाळेच्या वेळेतच करून घ्यावेत. शाळांचंही समजू शकतं. चाळीस मुलं, पस्तीस मिनिटांचा तास आणि फरशीवर सांडलेला डिंक. त्यामुळे प्रकल्प दप्तरातून घरी जातच राहिला. आकारिक मूल्यमापन म्हणजे मूल शिकत असताना केलेली नोंद. घरी ते शिकत असताना शिक्षक तिथे नसतात, असतो तो आपण, आणि आपल्याला कुणी नोंद विचारत नाही. केंद्रीय मंडळाने २०१७ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची योजना गुंडाळली. अंतर्गत गुण मात्र राहिले, आणि त्यांच्यासोबत चार्ट पेपरही.