कर्बी : उडण्याची मुभा आणि रिमोटचा नंबर

गुलाबी, चेंडूसारखा गोल, तोंड उघडले की समोरचा शत्रू आत ओढून घेणारा कर्बी हा निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या व्हिडिओ गेमचा नायक तीस वर्षांहून अधिक काळ पडद्यावर आहे. या काळात त्याच्या खेळांचे यंत्र बदलले, चित्रण बदलले, द्विमितीची त्रिमिती झाली. पण हा खेळ मुळात फारच सोपा आहे, हा आक्षेप १९९२ पासून त्याच्या पाठीमागे लागला तो आजही सुटलेला नाही. या आक्षेपाचे मूळ कर्बीला दिलेल्या एका मुभेत आहे. तो हवा गिळून फुगतो आणि वाटेल तितका वेळ हवेत तरंगत राहतो. ज्या प्रकारच्या खेळांत उडी चुकणे हाच सारा धोका असतो, त्यांत नायकाला उडता आले तर उरते काय, असा हा प्रश्न आहे.

उड्यांच्या खेळांची परंपरा १९८१ च्या ‘डाँकी काँग’मधल्या पिंप फेकणाऱ्या माकडापासून सांगितली जाते आणि १९८५ च्या मारिओने तिला घराघरांत नेले. तो इतिहास सर्वांना पाठ आहे. खान्देशापुरते बोलायचे तर नव्वदच्या दशकात जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर येथील घरांत जे आले ते मूळ जपानी यंत्र नव्हते, तर त्याची स्वस्त नक्कल होती. टीव्हीच्या अँटेनाच्या जागी तिची वायर खोचायची, चॅनेल जुळवायचे, एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचा स्टिकर वाचायचा आणि प्रत्यक्षात तेच आठ-दहा खेळ नावे बदलून फिरत असल्याचे पाहायचे, असा तो सगळा व्यवहार होता. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की दुपारी मुलांना उंबऱ्याबाहेर सोडण्याची सोय नसे, त्यामुळे सख्खी-चुलत सगळी पोरे एका टीव्हीसमोर जमत आणि दोन रिमोटांवर सहा-सात जणांचे हक्क सांगितले जात.

येथे मारिओचा एक नियम लक्षात घेतला पाहिजे, कारण कर्बीचे वेगळेपण त्याच्या शेजारी ठेवल्यावरच कळते. मारिओत दोघे एकाच वेळी खेळत नाहीत. पहिला मेला की दुसऱ्याचा नंबर लागतो. म्हणजे ज्याला खेळ येतो तो खेळत राहतो, आणि ज्याला येत नाही तो पहिल्याच खड्ड्यात पडून रिमोट सोडतो. ‘आते मना नंबर शे’ असे बजावून पुढे सरसावलेल्या धाकल्याचा नंबर अर्ध्या मिनिटात संपत असे आणि नंतर थोरल्याचे अर्धा तास पाहत बसणे त्याच्या वाट्याला येई. कौशल्य मिळवायचे तर खेळायला मिळाले पाहिजे आणि खेळायला मिळायचे तर कौशल्य हवे, हा पेच खेळाच्या रचनेतच होता. त्यात वीज गेली की आठव्या जगापर्यंत पोहोचलेलाही पुन्हा पहिल्या विटेपाशी येई, आणि धाकल्यांना तेवढाच काय तो न्याय मिळे.

कर्बीचा जन्म नेमक्या या पेचाचे उत्तर म्हणून झाला. त्या सुमारास जपानमध्ये घरगुती खेळ सरावलेल्यांसाठी उत्तरोत्तर अवघड होत चालले होते आणि नवखा माणूस त्यांतून बाहेर पडत होता. कोणालाही खेळता येईल असा खेळ करावा, या अपेक्षेतून अवघ्या एकोणीस वर्षांच्या एका रचनाकाराने ही कल्पना मांडली. पडद्यावर तात्पुरता म्हणून ठेवलेला एक साधा गोळाच पुढे नायक झाला. खेळ सुरुवातीला वेगळ्याच नावाने जाहीर झाला होता आणि दुकानदारांकडून जेमतेम २६,००० प्रतींची मागणी आली होती. तेव्हा तो परत घेऊन नव्याने घासूनपुसून, नव्या नावाने २७ एप्रिल १९९२ रोजी हातात मावणाऱ्या यंत्रासाठी आणला गेला. पुढे त्याच्या ५० लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्या यंत्राचा पडदा रंगीत नसल्यामुळे नायक गुलाबी आहे हे खेळताना कळतच नव्हते, आणि अमेरिकेतील डब्यावर तर तो पांढराच छापला गेला.

तरंगण्याच्या निर्णयाबद्दल टीकाकार जे म्हणतात ते सरळ आहे. पहिल्या खेळात पाचच टप्पे आहेत, वेळेची मर्यादा नाही, सहा घाव सोसण्याइतकी शक्ती आहे, आणि त्यातही वरून उडत गेले तर बरेचसे शत्रू खालीच राहतात. सरावलेला माणूस तासाभराच्या आत तो संपवतो. हे सर्व खरे आहे, पण त्यावरून मुभा फुकट दिली आहे असा जो निष्कर्ष काढला जातो तो मात्र खेळ नीट न पाहता काढलेला आहे. फुगलेला कर्बी हळू सरकतो. त्या अवस्थेत त्याला शत्रू ओढता येत नाही, फक्त तोंडातली हवा सोडून जवळचा एखादा शत्रू टिपता येतो, आणि हवा सोडली की तो खाली येऊ लागतो. तोंडात शत्रू धरलेला असेल तर फुगताच येत नाही. आधी तो ताऱ्याच्या रूपाने समोरच्यावर थुंकायचा किंवा गिळून टाकायचा, मगच वर जायचे. म्हणजे हत्यार हवे की उंची, हे खेळणाऱ्याला क्षणोक्षणी ठरवावे लागते. नवखा उंची निवडतो आणि टप्पा पार करतो. मुरलेला जमिनीवरून जातो, कारण ते वेगवान आहे आणि त्यात मजाही आहे. एकाच टप्प्यात दोघांची सोय होते, आणि कोणाला ‘सोपे’ असे लिहिलेले बटण दाबण्याची लाज वाटत नाही. ज्यांना खरोखर अवघड हवे होते त्यांच्यासाठी याच खेळात अधिक कठीण अशी दुसरी फेरीही दडवून ठेवलेली आहे, ही गोष्ट आक्षेप घेणारे बहुधा सांगत नाहीत.

मार्च १९९३ मध्ये घरगुती यंत्रावर आलेल्या ‘कर्बीज ॲडव्हेंचर’ने या आक्षेपाला आणखी एक उत्तर दिले. आता गिळलेल्या शत्रूची विद्या कर्बीच्या अंगी येऊ लागली. आगीचा शत्रू गिळला तर आग, तलवारवाला गिळला तर तलवार, अशा वीसहून अधिक विद्या होत्या. मार लागला की ती विद्या तारा होऊन बाहेर उसळते आणि नाहीशी होण्याआधी पुन्हा ओढून घ्यावी लागते. ते दोन-तीन क्षण या सोप्या म्हटल्या जाणाऱ्या खेळातले सर्वांत घाईचे क्षण आहेत. या कॅसेटमध्ये बॅटरी होती आणि झालेली प्रगती तीत साठून राही. लोडशेडिंग सोसलेल्या खान्देशी घराला ही सोय किती मोलाची वाटली असती हे वेगळे सांगायला नको, पण शेकडो खेळांच्या स्वस्त कॅसेटींत अशी बॅटरी नसे.

नंबराच्या प्रश्नावर सर्वांत नेमका तोडगा १९९६ च्या ‘कर्बी सुपर स्टार’मध्ये निघाला. तेथे गिळलेली विद्या साथीदाराच्या रूपात बाहेर काढता येते आणि दुसऱ्या रिमोटवर बसलेला तो साथीदार चालवतो. साथीदार संपला तरी खेळ थांबत नाही, कर्बी पुन्हा दुसरा काढू शकतो. कर्बीने काही खाल्ले असेल तर साथीदाराला भिडताच त्यातला वाटा त्यालाही मिळतो. रिमोट न सोडता धाकला थोरल्याच्या सोबतीने शेवटपर्यंत जाऊ शकतो, अशी ही पहिली कर्बी-रचना होती.

त्यानंतरच्या खेळांत ही मुभा कधी वाढली, कधी आवळली गेली. २०१० च्या, लोकरीच्या धाग्यांनी चितारलेल्या ‘एपिक यार्न’ या कर्बीच्या खेळात मरणे हा प्रकारच काढून टाकला, चुकले तर केवळ जमवलेले मणी सांडतात; मात्र त्याच खेळात उडणेही काढले, आणि हरण्याची भीती गेली तर उडण्याची गरज उरत नाही हे त्यातून दिसले. २०११ मध्ये चौघांना एकत्र खेळता येऊ लागले आणि वाटल्यास चौघांनाही कर्बीच होता येत असे. २५ मार्च २०२२ च्या त्रिमितीतील ‘फरगॉटन लँड’ने तरंगण्याला वेळेची आणि उंचीची मर्यादा घातली, कारण चहूबाजूंनी मोकळ्या जागेत अमर्याद उडणे म्हणजे भिंतींना अर्थच न उरणे. त्याबरोबर सोपी आणि कठीण अशा दोन पातळ्या उघडपणे निवडायला दिल्या. कठीण पातळीत नाणी जास्त, सोप्या पातळीत शक्ती जास्त. पूर्वी जे काम एका मुभेने गुपचूप होत असे ते आता सुरुवातीलाच विचारून होते, आणि ही मला तरी घसरण वाटते.

‘फरगॉटन लँड’ ज्यावर चालतो ते ‘स्विच’ हे नवे यंत्र भारतात अधिकृतपणे विकले गेले नाही. खान्देशात ते आले तर मुंबई-पुण्याच्या दुकानांतून किंवा परदेशी गेलेल्या काका-मामाच्या बॅगेतून येते, आणि घरात सहसा एकच येते. ‘फरगॉटन लँड’मध्ये दुसऱ्या खेळाडूला कर्बी होता येत नाही. त्याला भालाधारी साथीदारच मिळतो, त्याला गिळण्याची विद्या नाही, आणि कॅमेरा पहिल्या खेळाडूच्या मागे चालतो. मागे पडलेला भालावाला ओढून पुढे आणला जातो. मरून नंबर जाण्याचे भांडण त्यामुळे मिटले आहे. आता भांडण होते ते कर्बी कोणी व्हायचे यावरून.